आमूच्या चौकशीचा फोन

चांगलंच सांगितलं हो मी! एक शब्द, अर्धा शब्द जरी वाकडा निघाला असंल ना माझ्या तोंडातनं, तर सांगा… पण नाय! आता गल्लीत जो तो मला अडवून विचारतो, "काय सोनाकाकू, घातलात ना घोळ?" अहो कसला घोळ? मी पोरीची निंदा केली का? नावं ठेवली का? उलट इतकं गोड बोलले, इतकं गोड बोलले की आमचे हे आतनं ओरडून विचारतात, "कोण गो एवढी गुणाची आपल्या गल्लीत? मला कशी दिसली नाय आजपर्यंत?"

थांबा, पहिल्यापासनं सांगते, म्हंजे तुम्हीच ठरवा चूक कुणाची ती.

आम्ही महाडात राहतो. आमच्या भिंतीला भिंत लागून राजाभाऊंचं घर. राजाभाऊ तहसीलात कारकून होते, आता घरी असतात आणि पेपर वाचतात, मोठ्यानं, म्हंजे आम्हाला वेगळा घ्यायला लागत नाय. त्यांची मुलगी आम्रपाली. आमची आमू. केमिस्ट्री घेऊन एम.एस्सी. झाली आणि इथंच एमआयडीसीत एका कंपनीत लॅबमध्ये लागली. तयार झालेला माल तपासायचा, पास का नापास ते सांगायचं, आणि खाली सही करायची, असं काम. आता आमच्या दोघांच्या मधली भिंत हाय ती एका विटेची. एका विटेची भिंत म्हंजे काय भिंत झाली का? तो पडदा! राजाभाऊंना ठसका लागला तर आमचे हे इकडनं पाण्याचा तांब्या उचलतात. मी मुद्दाम काय ऐकत नाय हो, ते येतं. आलेलं परत कुठं पाठवू?

तर झालं काय, उन्हाळ्यात रोज सकाळी पलीकडनं एक आवाज यायला लागला. आमूच बोलायची, पण समोरच्याचं उत्तर नाय! "मी माझं मत स्पष्टपणे मांडते… मी माझ्या वेळेची मालक आहे… मला नाही म्हणता येतं…" परत तेच. परत तेच. मला धास्ती बसली. पोर कामानं वेडीबिडी झाली का काय? मी वाटी घेतली, साखर मागायला गेले. साखर होती घरात, डबाभर होती, पण काहीतरी मागायला नको? बघते तर ही आरशासमोर उभी!

"आमू, कुणाशी बोलतेस गो?"

"प्रॅक्टिस करते काकू. कंपनीनं कोच लावलाय आम्हाला."

कोच! आता कोच म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपला तो गळ्यात शिट्टी घालून पोरांना पळवणारा. मी म्हटलं, "लॅबमध्ये धावायला लागतं?" हसली. म्हणाली, "तसला नाय हो. काम कसं उरकायचं, वेळ कसा वाचवायचा, माणसं कशी सांभाळायची, नोकरीत पुढं कसं जायचं, ते शिकवतात. पुण्याहून येतात, दर शनिवारी, हायवेवरच्या हॉटेलात, वरच्या हॉलात."

मी म्हटलं, हे शिकवायला पुण्याहून माणूस लागतं? पण भिंतीकडं बघते तर काय, सगळ्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या! लाल म्हंजे तातडीचं काम, हिरवं म्हंजे महत्त्वाचं, आणि पिवळं म्हंजे दुसऱ्याला देता येण्यासारखं. मला तर ते पिवळं इतकं आवडलं! घरी आले, लग्नपत्रिकांचे तुकडे कापले, आणि आमच्या घरातली सगळी कामं पिवळ्यात घालून ह्यांच्या कपाटावर चिकटवली. तीन दिवस ह्यांनी ती डिझाइन समजून ठेवली.

पण चेष्टा सोडा. गोष्ट गंभीर होती. लॅबचे जुने साहेब गुजरातेत गेले आणि इन्चार्जची जागा रिकामी झाली. जागेला दोघंच, आमू आणि हर्षद. हर्षद पोलादपूरचा, रोज मोटरसायकलवरनं येतो, पोरगा वाईट नाय हो, मोठ्यांच्या पाया पडतो, पण तोंड उघडलं की, "सो, बेसिकली…" आणि मग पुढं काहीही असो, ते मोठंच वाटतं! काम शिकला आमूच्या हाताखाली. आणि आता तो तिच्या डोक्यावर बसणार का काय, हा प्रश्न. त्या कंपनीत आजवर लॅबला बाई इन्चार्ज झाली नव्हती, आणि आपल्या वस्तीतली तर कुठल्याच खात्याला नाय. राजाभाऊ बाहेर कुणाला बोलत नव्हते, पण पेपर हळू वाचायला लागले होते. त्यावरनं काय ते समजा.

तर एक दिवस आमू कामावर निघालेली. एक पाय चपलेत, एक पाय बाहेर, आणि मला म्हणते, "काकू, तुम्हाला एक फोन येईल हां. माझ्याबद्दल विचारतील. खरं ते सांगा." आणि गेली स्कूटी काढून!

बस. एवढंच. कोण विचारील, कशाला विचारील, काय नाय! आता तुम्ही मला सांगा, लग्नाच्या वयाची मुलगी शेजारणीला म्हणते, फोन येईल, माझ्याबद्दल विचारतील… ह्याचा दुसरा अर्थ हाय का जगात? पोलादपूरपासनं माणगावपर्यंत कुठल्याही बाईला विचारा! आणि वर बोलताना गाल लाल झालेले पोरीचे. नंतर कळलं, हेल्मेट घट्ट होतं.

आपल्याकडं स्थळाची चौकशी म्हंजे शेजाऱ्याचंच काम. आईबापाला कोण विचारतो? ते काय, आपलंच गाणार. म्हणून शेजारी. आणि आमच्या गल्लीत ज्यांची ज्यांची लग्नं झाली, त्या सगळ्यांनी नंबर दिला तो माझा. आणि एकाची पण सोयरीक मोडली नाय! कारण मला माहीत हाय ना कसं बोलायचं ते. चांगलं असंल ते सांगायचं. वाईट असंल ते गिळायचं. आणि जे चांगलं का वाईट ते आपल्यालाच ठरवता येत नाय, ते तर अजिबात तोंडातनं काढायचं नाय!

दुसऱ्याच दिवशी दुपारी वाजला फोन. "नमस्कार, सोनाबाई का? मी अनुपमा बोलतेय, पुण्याहून. आम्रपालीबद्दल थोडं विचारायचं होतं… वेळ आहे का तुम्हाला?"

काय तो आवाज! कसं ते अदबीनं! मी मनात म्हटलं, मुलाची आई नसणार, आवाज तरणा हाय, ही मोठी बहीण. पुण्याचं स्थळ! मी आधी गॅस बंद केला, मग पदर सारखा केला. फोनवर दिसत नाय, पण आवाजात फरक पडतो.

"आम्रपालीला तुम्ही कधीपासून ओळखता?"

"जन्मापासनं! माझ्या मांडीवर वाढली."

"छान. मला सांगा, कुणाशी मतभेद झाले तर ती ते कसे हाताळते?"

मी म्हटलं, बघा, सासूसुनेचं आत्तापासनंच चाचपतायत. हुशार हायत! मी म्हटलं, "मतभेद? छे हो! तिला मतच नाय!"

"अं… म्हणजे निर्णय कसे घेते ती?"

"घेतच नाय. वडील घेतात. विचारल्याशिवाय पाणी पीत नाय पोर."

"आणि वरिष्ठांचं एखादं म्हणणं पटलं नाही तर स्पष्ट सांगते का?"

"अजिबात नाय! खाली मान. मोठ्या माणसापुढं आवाज फुटत नाय तिचा."

पलीकडनं पेन खरडल्याचा आवाज आला. मला वाटलं, बाई भारावल्या. मग मी आणखी सोडलं!

"एकदम चार जबाबदाऱ्या अंगावर आल्या तर?"

"मुकाट करणार. उभी मोडली तरी करणार. नाय म्हणणं माहीतच नाय तिला!"

"ओके… आणि पुढच्या पाच वर्षांत ती कुठं असावी असं तिला वाटतं? काही कल्पना?"

"कुठं म्हंजे? तुमच्याकडंच!"

"आमच्याकडे?"

"म्हंजे जिथं देऊ तिथं हो. आणि ते नोकरीचं काय मनात आणू नका… तुम्ही म्हणाल त्या दिवशी सोडंल!"

आता बघा! ह्यात वाईट काय बोलले मी? चांगलंच सांगितलं ना? शेवटी त्या म्हणाल्या, "आणखी काही सांगायचंय का तुम्हाला?" तर मी म्हटलं, "चष्मा हाय, पण नुसता वाचायला. आणि भाकरी अशी पातळ थापते…" भाकरी! आमूची! एकदा केली होती, ती राजाभाऊंनी पेपराखाली वजन म्हणून ठेवली. पण तेवढं चालतं हो, तेवढी सूट असते चौकशीत. "हेही लिहून घेते," असं म्हणाल्या, आणि फोन ठेवला. मी गूळ घातलेला चहा करून प्यायले. एकटीच. आनंदानं.

शनिवारी संध्याकाळी आमू आली ती घरी गेली नाय, सरळ आमच्या दारात. चप्पल न काढता उंबऱ्यावर बसली.

"काकू, फोनवर काय सांगितलंत तुम्ही?"

मला वाटलं, पसंती आली! मी सगळं घडाघडा सांगितलं, त्यांचा आवाज काढून, माझा आवाज काढून, अगदी त्या चष्म्यापर्यंत. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं हेल्मेट मांडीवरनं खाली ठेवलं.

"काकू, ती माझी कोच होती."

"कोण?"

"अनुपमा मॅडम. त्यांनी साहेबांना विचारलं, बरोबरच्यांना विचारलं, हाताखालच्यांना विचारलं, आणि कामाच्या बाहेरचं एक जुनं माणूस विचारलं. चारी बाजूंनी बघतात. त्याच्यावर रिपोर्ट जातो वर. बाहेरचं माणूस म्हणून मी तुमचं नाव दिलं."

मी म्हटलं, "मग रिपोर्ट…?"

तिनं मोबाइल काढला आणि वाचून दाखवलं, राजाभाऊंसारखंच, पण हळू. स्वतःचं मत नाही. निर्णय घेत नाही. वरिष्ठांपुढे बोलत नाही. नोकरीत टिकून राहण्याची इच्छा दिसत नाही…

"अगो पण मी… मी चांगलंच सांगितलं!"

"हो काकू," ती म्हणाली. "चांगलंच सांगितलंत. त्यानंच तर गेलं."

ओरडली असती ना, तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला काहीतरी बोलता येतं. ती उठली, म्हणाली, "आता तुम्ही काय करू नका. कुणाला फोन नाय, काय नाय. माझी शपथ हाय." आणि गेली. आणि दुसऱ्या सकाळी पलीकडनं आरशासमोरचं बोलणं आलं नाय. तिसऱ्या दिवशी पण आलं नाय. इतकी वर्षं राहतोय, पण ती भिंत एवढी जाड मला कधी वाटली नव्हती.

आणि मग मला एकेक आठवायला लागलं, जे मी फोनवर गिळलं होतं ते. तो मोठा पूर आठवा. ज्या पावसात तिकडं तळीयेवर डोंगर आला, त्याच पावसात आमच्या गल्लीत पाणी ओट्यावर चढत होतं, आणि गल्लीतले सगळे बाप्ये काय करत होते? मोटरसायकली ढकलत होते! तेव्हा ही राजाभाऊंच्या ओट्यावर चढली आणि असा आवाज लावला, असा आवाज लावला… "गाड्या सोडा! आधी म्हातारी माणसं वर न्या!" कोपऱ्यावरचे महादूआजा पेटीला धरून बसलेले, पेटी सोडून येणार नाय म्हणायचे. त्यांना म्हणाली, "आजा, पेटीत बसून तरंगणार का? उठताय का उचलू?" आमचे हे टीव्ही छातीशी धरून जिना चढत होते. त्यांना म्हणाली, "काका, टीव्ही ठेवा खाली आणि काकूंना धरा!" तेव्हा कुठं ह्यांच्या लक्षात आलं, मी पण हाय घरात. सगळी गल्ली दुसऱ्या मजल्यावर नेली त्या पोरीनं. आणि ते मी चौकशीत सांगितलं नाय! का? तर बाप्यांवर ओरडते, असं कानावर गेलं तर स्थळ मोडंल!

आणि ते कंपनीतलं. मागं एक माल नापास केला हिनं, आणि वरचे कुणी साहेब म्हणतायत, "मॅडम, गाडी उभी आहे, करा सही." ही म्हणाली, "गाडी उभी राहू दे." घरी येऊन रडली, ते मी ऐकलं, पण सही केली नाय म्हंजे नाय. ते पण गिळलं मी. हट्टी हाय, असं वाटंल म्हणून.

तुम्हाला सांगते, मला त्या दिवसांत झोप लागंना. कारण मग मला माझीच चौकशी आठवली. मी कापडे गावची. लहानपणी अशी होते, असा आवाज होता माझा, की बांधावरनं हाक मारली तर पलीकडच्या वाडीतली गुरं मान वर करायची. नदीत पोरांच्या आधी सूर मारायची. आणि ह्यांच्याकडची माणसं चौकशीला आली, तेव्हा शेजारच्या ठमाबाईनं सांगितलं, "मुलगी गरीब हाय हो. घरात हाय का नाय ते कळत नाय." चांगलंच सांगितलं बिचारीनं! माझ्या भल्याचंच. आणि मग लग्न होऊन आले, तर इथं सगळी वाट बघत बसलेली त्या गरीब मुलीची. मग काय करणार? व्हायला लागलं मला तसं. सासऱ्यांपुढं नाय, जावेपुढं नाय, बोलायचं ते हळू, हसायचं ते पदरात. माणसाचा आवाज असा दाबला ना, तर तो कुठं जात नाय हो, तो कानात जातो. सगळ्या गल्लीचं ऐकायची सवय मला लागली ती तेव्हापासनं. लोकं म्हणतात, सोनाबाई भोचक. असंल. पण गरीब तर मी कधीच नव्हते.

मग शपथबिपथ बाजूला ठेवली आणि मी लावला फोन पुण्याला. म्हटलं, "मॅडम, मी मागचं सगळं खोटं सांगितलं. पोरगी अजिबात गुणाची नाय! भांडखोर हाय, हट्टी हाय, कुणाच्या बापाचं ऐकत नाय!"

त्या अगदी हळू, गोड, पुण्याच्या पद्धतीनं म्हणाल्या, "काकू, तेव्हाही तुम्ही तिच्या भल्यासाठीच बोललात आणि आत्ताही भल्यासाठीच बोलताय. मग मी खरं कोणतं धरू?"

असलं काय तरी चांगलं शिकलेलं माणूस बोललं ना, की आपल्याला फोन ठेवायलाच लागतो.

पण पुढच्या शनिवारी शेवटचा वर्ग होता. मोठे साहेब येणार होते, आणि आमू आणि हर्षद दोघांना उभं राहून बोलायला लावणार होते. हे मला कुणी सांगितलं नाय. भिंतीतनं आलं. मी ह्यांना म्हटलं, "मी जाते." हे म्हणाले, "तुला कुणी बोलावलंय?" मी म्हटलं, "मला आजपर्यंत कुठं कुणी बोलावलंय?" आणि डब्यात घावन भरले, रिक्षा केली, गेले. कुणी अडवलं नाय. हातात डबा असलेल्या बाईला आपल्याकडं कुठंच अडवत नायत.

हॉल म्हंजे काय हो! असा गार, की माझे दात वाजायला लागले. सगळ्यांच्या गळ्यात नावाच्या पाट्या. टेबलांवर कागदी पेले एकावर एक रचून मनोरे केलेले, मोठाली माणसं! म्हटलं, बालवाडीत आले का काय? एक बारीकशी बाई, केस कापलेले, ती अनुपमा मॅडम. पुढच्या खुर्चीत मोठे साहेब. आणि हर्षद उभा, "सो, बेसिकली, टीम म्हणजे…" चांगलं बोलला हो पोरगा, खोटं कशाला सांगू. टाळ्या झाल्या. मग मॅडम म्हणाल्या, "आम्रपाली?" आमू उठली. उठली आणि… उभीच राहिली. हातात कागद, ओठ हलतायत, आवाज नाय! रिपोर्टात लिहिलं होतं ना, वरिष्ठांपुढं बोलत नाय… अगदी तश्शी! माझ्या शब्दासारखी झाली हो पोर, माझ्या डोळ्यांदेखत!

मग मला राहवंल का? मी उठले मागनं. "साहेब, नमस्कार! मी हिची शेजारीण. ही पोरगी एक नंबरची भांडकुदळ हाय!"

सगळ्या माना मागं. मी सुटले! "पुरात हिनं गल्लीतल्या झाडून सगळ्या बाप्यांना शिव्या घातल्या! बापानं ठरवलेला डिप्लोमा सोडला आणि स्वतःच्या मनानं एम.एस्सी. केली! महादूआजाला म्हणाली, उठताय का उचलू! तुमच्या त्या मालाच्या गाडीच्या वेळी पण…"

"काकू."

"…पण साहेब म्हणतायत करा सही, आणि ही म्हणते…"

"सोनाकाकू! बास! खाली बसा."

तुम्हाला सांगते, त्या हॉलात एक मनोरा होता कागदी पेल्यांचा, तो पडला. कुणाचा धक्का लागला नाय. आवाजानं पडला.

ती मला म्हणते, सगळ्यांच्या समोर, सरळ डोळ्यांत बघून, "पहिल्यांदा पण माझ्याबद्दल तुम्हीच बोललात. आता पण तुम्हीच बोलताय. माझी पाळी कधी येणार, काकू?"

मी बसले. डबा मांडीवर घेऊन बसले. आणि मग ती साहेबांकडं वळली. कागद ठेवून दिला. म्हणाली, "सर, मला मोठ्यांपुढे बोलायला जड जातं, हे खरं आहे. आत्ताही माझे पाय कापतायत. पण पाय कापतात म्हणून बोलायचं राहत नाही माझं. त्या दिवशी तुम्हीच मला सही करा म्हणाला होतात. मी केली नाही. उद्याही करणार नाही. हे चालणार असेल तर मला इन्चार्ज करा. नसेल तर हर्षद चांगला आहे, मीच शिकवलंय त्याला."

अनुपमा मॅडम म्हणाल्या, "आम्रपाली, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

तर ही म्हणाली, "मॅडम, तुम्ही चारी बाजूंनी विचारलंत. मधे मी होते."

घावन मी कुणाला दिले ते मला आठवत नाय. बहुतेक हर्षदनं खाल्ले. परत येताना रिक्षात मला रडू आलं. एवढ्या माणसांत, मांडीवर वाढलेल्या पोरीनं मला खाली बसवलं. सासूनं बसवलं होतं, सासऱ्यांनी बसवलं होतं, पण ते घरात. वाईट वाटलंच, नाय कशाला म्हणू? आणि त्याच वेळी असं आतनं हसू पण येत होतं… अगो, आवाज बघा पोरीचा! कापड्याच्या बांधावरची गुरं मान वर करतील असा आवाज! रिक्षावाला आरशातनं बघत होता, म्हणाला, "मावशी, दवाखान्यात नेऊ का?"

झालं. आठवड्यानं कळलं. सहा महिने बघू म्हणाले, पण दिली जागा. राजाभाऊ पेपर वाचत नव्हते, नुसता उलटा धरून बसले होते. आमू पेढे घेऊन आधी आमच्याकडं आली. पाया पडली, मी उचलली, दोघी रडलो, सगळं रीतसर झालं. आणि डोळे पुसून होतायत न होतायत तर म्हणते कशी, "काकू, आता एक नियम. ह्यापुढं माझ्याबद्दल कुणाचाही फोन येऊ दे, लग्नाचा येऊ दे नायतर कामाचा, तुम्ही काय सांगायचं नाय. चांगलं पण नाय, वाईट पण नाय. माझा नंबर द्यायचा. बस."

हसत हसत म्हणाली, पण लाल चिठ्ठीवर लिहून माझ्या फोनच्या वर चिकटवून गेली.

आणि एकीचं बघून आता गल्लीतल्या सगळ्या पोरी तेच म्हणायला लागल्या हो! परवा त्यातल्याच एकीसाठी पोलादपूरहून फोन आला, बाई काय गोड बोलत होती, "तुम्ही शेजारी ना? मग तुम्हीच सांगा, मुलगी स्वभावानं कशी?" माझ्या जिभेवर आलं होतं सगळं, रंगून सांगता आलं असतं, अर्धा तास सांगता आलं असतं… आणि मी काय सांगितलं? दहा आकडे! एकेक आकडा गिळत गिळत सांगितला. ती बाई म्हणाली, "बस, एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच."

असं हाय बघा. कोच आली पुण्याहून, आमूला बढती मिळाली, हर्षदला शिकायला मिळालं, आणि माझी तेवढी नोकरी गेली.